पाच रुपयांत पोळी द्यायच्या आधी

पिंपरी-चिंचवडच्या एका ताईंनी विचारलंय. त्यांची नोकरी गेली. सासूबाईंच्या हाताला चव आहे, सोसायटीतल्या सगळ्या म्हणतात पोळी-भाजी केंद्र काढा, धो धो चालेल. हाताशी ३ लाख रुपये आहेत, सरकारच्या मुद्रा योजनेतलं ५ लाखांचं कर्ज काढायचं मनात आहे. १८ हजार भाड्याचा गाळा बघून ठेवलाय आणि मालक म्हणतोय आठवड्यात ॲडव्हान्स द्या. चौकातल्या दुकानात पोळी ६ रुपयांना मिळते, या ५ ला देणार. कुणीतरी फ्रँचायझीही देऊ केली आहे. तर धंदा नीट चालायला काय काय करावं?

ताई, मी पुण्यात कर्वेनगरात १९ वर्षं हेच करते. घरच्या ओट्यावर १२ डब्यांपासून सुरुवात केली, आज दिवसाला सरासरी ८०० पोळ्या जातात, सहा जणी कामाला आहेत. मधे एक दुसरं दुकान काढून ते आठ महिन्यांत गुंडाळलंही, त्याचं पुढे सांगते. तुमच्या प्रश्नात चव आली, गाळा आला, कर्ज आलं. तुमचा स्वतःचा पगार मात्र कुठे दिसला नाही. सासूबाईंचाही नाही. म्हणून मी त्या ५ रुपयांपासूनच सुरुवात करते.

एका पोळीचा हिशेब मांडू. भाव माझ्या वहीतले आहेत, तुम्ही तुमच्या बाजारातले घाला. लोकवन गहू निवडून, दळून आणला की पीठ साधारण ४५ रुपये किलोला पडतं. ५० ग्रॅमचा गोळा धरला तर एका किलोत ३२ पोळ्या होतात. म्हणजे पीठ १ रुपया ४० पैसे. तेल ३० पैसे. गॅस ४० पैसे. इथवर झाले २ रुपये १० पैसे, आणि बहुतेक सगळ्या जणी इथेच पेन खाली ठेवतात. पाचातून दोन-दहा गेले, जवळजवळ तीन रुपये सुटले, ५०० पोळ्या विकल्या तर रोजचे साडेचौदाशे! मीसुद्धा पहिल्या वर्षी असाच हिशेब केला होता, फक्त आकडे लहान होते.

आता पुढे चला. लाटून-भाजून देणाऱ्या बाईला आमच्याकडे पोळीमागे २ रुपये द्यावे लागतात. "आम्ही दोघी घरच्याच लाटू" असं म्हणाल. चांगला हात असलेली बाई तासाला ७० पोळ्या करते, तेही न उठता. ५०० पोळ्या म्हणजे सात तास. मग भाजी कोण करणार, गिऱ्हाईक कोण बघणार, मंडईत कोण जाणार? तेव्हा हे २ रुपये तुम्ही स्वतः लाटलं तरी धरायचेच, कारण ज्या दिवशी सासूबाईंचा गुडघा धरेल त्या दिवशी ते रोख मोजावे लागतील. बटर पेपर आणि पिशवी ३० पैसे. करपलेल्या, फाटलेल्या, रात्री उरलेल्या पोळ्यांचे २० पैसे. झाले ४ रुपये ६०. गाळ्याचं भाडं १८ हजार, वीज-पाणी ३ हजार धरा. त्यातला अर्धा भार भाजीवर टाकला तरी साडेदहा हजार पोळीने उचलायचे. महिन्याचे २६ दिवस, रोज ५००, म्हणजे १३ हजार पोळ्या. पोळीमागे ८० पैसे. आणि शेवटी तुमचा पगार. मोठा नको, १५ हजारच धरा, त्याचा अर्धा पोळीवर, म्हणजे ६० पैसे. बेरीज बरोब्बर ६ रुपये.

म्हणजे ५ ला विकलीत तर दर पोळीमागे एक रुपया घरातून जातो. महिन्याला १३ हजार. आणि यातली खरी फसगत अशी की तो जाताना दिसत नाही. तुम्ही स्वतः लाटताय, पगार घेत नाही, त्यामुळे गल्ल्यात रोज पैसे दिसतात. सहा महिन्यांनी पाठ धरते, आठव्या महिन्यात बाई ठेवावी लागते आणि नवव्या महिन्यात कळतं की जितक्या जास्त पोळ्या विकू तितकं खोल जातोय. तोवर गिऱ्हाइकाला ५ ची सवय लागलेली असते. भाव चढवणं फार जड जातं. एक रुपया वाढवला तरी जुनं गिऱ्हाईक असं बघतं की जणू आपण त्याचा खिसाच कापला.

मग चौकातला ६ ला कसा देतो? एक तर गाळा त्याचा स्वतःचा असेल. नाहीतर पोळी लहान असेल. जाऊन दहा पोळ्या घ्या आणि घरी आणून तोला. ४० ग्रॅमच्या गोळ्याची पोळी डोळ्याला तेवढीच दिसते, फक्त पातळ असते, आणि किलोमागे ३२ च्या जागी ४० निघतात. पीठ, तेल, मजुरी सगळ्यातच त्याचं थोडं थोडं वाचत असेल. त्याच्याशी भावावर भांडू नका. तुम्ही ७ लावा आणि पोळी त्या भावाला शोभेल अशी द्या. ऑफिसातून दमून आलेला माणूस एका रुपयासाठी चौक ओलांडत नाही. गरम पोळी, हवी ती भाजी, आणि पाच मिनिटांच्या वर उभं राहायला लागू नये, एवढंच तो बघतो. मी रोज दुपारी चार वाजता व्हॉट्सॲपवर आजच्या भाज्या टाकते. मेथी, मटकीची उसळ, बटाट्याची सुकी, वरण. लोक बसमधूनच सांगून ठेवतात. त्याने मला उरणाऱ्या मालाचा अंदाजही येतो, आणि माझ्या मते या धंद्यात रात्री साडेनऊला काय उरलं हे लिहून ठेवणं काय विकलं यापेक्षा महत्त्वाचं आहे. उरलेलं दुसऱ्या दिवशी विकायचं नाही, हे मी तुम्हाला सांगायला नको.

जाता जाता, पाटीवर "पोळी" आणि "चपाती" दोन्ही लिहा. तुमच्याकडे कोल्हापूर-सोलापूरकडची, मराठवाड्यातली वस्ती भरपूर आहे. आम्ही पेठेतले लोक पोळीवर अडून बसतो, पण गिऱ्हाईक चपाती मागतं.

भाजीत पैसा पोळीपेक्षा बरा सुटतो, पण सांडतोही तिथेच. माझ्याकडे एक फार प्रेमळ मदतनीस होती. तिच्या हातून दर पुडा थोडा जास्तच भरला जायचा. एकदा संध्याकाळी मी गुपचूप दहा पुडे काट्यावर ठेवले. १५० ग्रॅमच्या जागी सरासरी १७० भरत होते. दिवसाला १२० पुडे, म्हणजे जवळजवळ अडीच किलो शिजलेली भाजी फुकट. किलोला १२० रुपये खर्च धरला तर महिन्याला साडेसात हजारांच्या आसपास! तिला रागावून उपयोग नव्हता, तिला वाटायचं गिऱ्हाईक खूश होतंय. मी भांडीवाल्याकडून एका मापाचे चार डाव आणले, सपाट भरला की १५०, आणि विषय संपला. पालेभाजीचाही असाच एक धडा आहे. मेथीची जुडी निवडली की काड्या जाऊन जेमतेम अर्धी हातात राहते आणि शिजली की मूठभर होते. म्हणून भाजीचा भाव मंडईतल्या किलोवर काढायचा नाही, शिजल्यानंतरच्या वजनावर काढायचा. पहिले दोन महिने प्रत्येक भाजी आधी आणि नंतर तोला. कंटाळा येतो, पण मग आयुष्यभर तोंडपाठ राहतं. आणि रोजच्या यादीत एक उसळ नि एक पिठलं किंवा झुणका ठेवाच. २०२३ च्या जुलैत टोमॅटो शंभरीच्या पार गेला होता तेव्हा डाळी-कडधान्यांनीच मला तारलं.

गाळ्याबद्दल. मालक म्हणतोय आठवड्यात ॲडव्हान्स द्या; देऊ नका. आधी त्या गाळ्यासमोर तीन संध्याकाळी जाऊन बसा. सोमवारी, बुधवारी आणि शनिवारी, साडेसहा ते साडेनऊ. वहीत दर अर्ध्या तासाच्या रेघा मारा: समोरून पायी किती गेले, दुचाकीवर किती, आणि त्यातले किती जण आसपासच्या कुठल्याही दुकानात थांबले. शेवटचा आकडा सगळ्यात कामाचा. हजार गाड्या भुर्रकन जाणारा रस्ता आपल्या काहीच कामाचा नाही. आणखी एक गोष्ट कुणी सांगत नाही. आपण डावीकडून चालतो, म्हणून कामावरून घरी जाणाऱ्यांच्या डाव्या हाताला येईल असा गाळा हवा. सकाळी कामावर जाताना डाव्या हाताला येणाऱ्या गाळ्यात चहा-पोहे चालतील, पोळी-भाजी नाही. संध्याकाळी दुभाजक ओलांडून कुणी येत नाही. माझ्या आताच्या दुकानाला भाडं शेजारच्यापेक्षा दोन हजार जास्त आहे, ते फक्त या बाजूचं आणि समोर चार दुचाक्या लागतात त्या जागेचं.

जागा पसंत पडली तर नळाला पाणी किती वेळ येतं, मोरीचा उतार कुठे जातो आणि धुराडं बाहेर काढायला सोसायटी लेखी परवानगी देते का, ही तीन उत्तरं घ्या. वरच्या मजल्यावर फोडणीचा वास गेला की तक्रार होणारच. करार लिव्ह अँड लायसन्सचा करून नोंदवून घ्या. अकरा महिन्यांचा असला तरी महाराष्ट्रात तो नोंदवावाच लागतो, आणि "नंतर करू" म्हणणारा मालक नंतर भाडंही वाढवतो. भाडेवाढ किती आणि कधी, आणि तुम्हाला मधेच सोडायचं असेल तर किती दिवसांची नोटीस, हे कागदावर आलंच पाहिजे.

पण माझं ऐकाल तर आधी गाळाच घेऊ नका. दीड-दोन महिने घरून २० डबे द्या. यात पैसा फारसा नाही मिळणार. पण रोज सकाळी साडेदहाच्या आत वीस डबे भरून जाताना तुम्हाला आणि सासूबाईंना एकमेकींबरोबर काम करता येतं की नाही ते कळेल. हसू नका, माझ्या ओळखीतली दोन केंद्रं चवीमुळे नाही, घरातल्या भांडणामुळे बंद झाली. सासूबाईंना चार माणसांची भाजी अंदाजाने येते, चाळीस माणसांची अंदाजाने येत नाही. मीठ, तिखट, गूळ, गोडा मसाला सगळं ग्रॅमवर आणावं लागतं आणि एका वहीत उतरवावं लागतं. नाहीतर त्या लग्नाला गावी गेल्या की तुमची चवही गावी जाते. त्यांचा अपमान न होता हे कसं करायचं ते तुम्हीच बघा. मी माझ्या आईच्या शेजारी काटा ठेवून तिच्या मुठी मोजल्या होत्या, ती चार दिवस बोलत नव्हती.

या वीस डब्यांत ज्येष्ठ नागरिकांचे डबे मिळतील तितके मिळवा. पुण्यात तर हा मोठा वर्ग आहे: मुलं अमेरिकेत नाहीतर बंगळूरला, इथे दोघं म्हातारी. पैसे मुलं पहिल्या तारखेला आगाऊ पाठवतात, तिखट कमी आणि पोळी मऊ एवढीच मागणी असते. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये माझ्या दुकानाचं शटर खाली होतं तेव्हा याच डब्यांवर बायकांचे पगार निघाले. उलट होस्टेलच्या मुलांचं आकर्षण मला महागात पडलं. जानेवारीत एका कॉलेजजवळ दुसरं दुकान काढलं, मार्चपर्यंत उभं राहायला जागा नसायची. मला वाटलं आता तिसरंही काढू. एप्रिलमध्ये परीक्षा, मे-जून सगळी मुलं गावी, भाडं मात्र चालूच. जुलैत नवी मुलं आली तोवर माझी शिल्लक संपली होती आणि पहिल्या दुकानाच्या गल्ल्यातून दुसऱ्याचं भाडं जात होतं. ऑगस्टमध्ये कुलूप लावलं.

म्हणून धंद्याचं पंचांग आधी लिहून काढा. दिवाळीचा आठवडा आणि मे महिना मंद. श्रावणात सोमवार, मार्गशीर्षात गुरुवार, वर्षभर चतुर्थी नि एकादशी. पोळी कमी जाते, पण साबुदाण्याची खिचडी आणि भगर-आमटी ठेवलीत तर दिवस निघतो. पितृपक्षात श्राद्धाच्या स्वयंपाकाच्या ऑर्डरी येतात आणि गणपतीत उकडीचे मोदक. मोदक मात्र स्वतःला येत असतील तरच घ्या, कारण आयत्या वेळी कळ्या पाडणारी बाई सोन्याच्या भावानेही मिळत नाही.

बायकांबद्दल एवढंच की पगार १ तारखेलाच द्या, गल्ल्यात असो वा नसो. उचल मागितली तर द्या पण वहीत सही घेऊन. आणि लाटणाऱ्या दोन हव्या असतील तर तीन जणींशी बोलणं करून ठेवा. एक बाई गेली की ती बहुतेक वेळा बहिणीलाही घेऊन जाते. कणीक मळायचं यंत्र पहिलं घ्या, खांदे वाचतात. पोळी करणारं यंत्र घेऊ नका, निदान आत्ता नको. त्याची पोळी गरम असताना ठीक लागते, डब्यात तासाभराने कडक होते, आणि आपल्याकडे लोक हातची पोळी मिळते म्हणूनच येतात.

कागदपत्रं अवघड नाहीत, एजंट अवघड करून सांगतो. घरून सुरुवात केलीत तरी एफएसएसएआयची, म्हणजे अन्नसुरक्षेची, नोंदणी लागते. लहान उलाढालीला लायसन्सऐवजी साधी नोंदणी पुरते, आणि ज्या कामाची सरकारी फी वर्षाला १०० रुपये राहिली आहे त्याचे तीन-तीन हजार घेतलेले मी पाहिलेत. उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगाची सरकारी नोंदणी, १ जुलै २०२० पासून आधारवर ऑनलाइन होते आणि पूर्ण मोफत आहे; पैसे मागणारी वेबसाइट दिसली की बंद करा. शॉप ॲक्टचं, म्हणजे दुकानाच्या नोंदणीचं, ज्याला मुंबईकर गुमास्ता म्हणतात, तेही लहान दुकानाला नुसती ऑनलाइन सूचना देऊन होतं. काट्यावर वैधमापनचा, म्हणजे वजनमापं तपासणाऱ्या खात्याचा, शिक्का दरवर्षी. घरगुती लाल सिलिंडर दुकानात चालत नाही, १९ किलोचा निळाच घ्यायचा. पातळ प्लास्टिकच्या पिशव्यांवर राज्यात २०१८ पासून बंदी आहे, दंड एका दिवसाची कमाई घेऊन जातो. जीएसटीसाठी २० लाखांच्या उलाढालीचा आकडा डोक्यात ठेवा आणि त्याच्या जवळ गेलात की सीएकडे जा, ओलांडल्यावर नाही.

आता कर्ज. मुद्रा चांगली योजना आहे, तारण लागत नाही, ५ लाखांपर्यंत किशोर गटात बसता. पण हप्ता पोळ्यांत मोजा. ५ लाख, ११ टक्के, पाच वर्षं धरलं तर हप्ता सुमारे १०,८७० रुपये. २६ दिवसांनी भागा, रोजचे ४१८. ७ ला विकलेल्या पोळीवर सगळं जाऊन एक रुपया राहतो. म्हणजे ५०० पोळ्यांतल्या ४१८ बँकेच्या, ८२ तुमच्या. भाजी थोडा हात देईल, पण ५०० हा आकडा पहिल्या दिवशी कुणी देत नाही. मला तिथे पोचायला चौदा महिने लागले. पहिल्या महिन्यात मी दिवसाला सरासरी ११० पोळ्या विकल्या. तुमच्या गाळ्याला ११० पोळ्या लावून बघा: साडेदहा हजार भागिले २,८६०, पोळीमागे नुसतं भाडं-वीज ३ रुपये ६७ पैसे.

या ३-६७ साठी तुमचे ३ लाख आहेत. पहिल्या सहा महिन्यांचं भाडं आणि वीज, म्हणजे १ लाख २६ हजार, वेगळ्या खात्यात टाका आणि ते नाहीतच असं समजा. डिपॉझिट किती मागतायत ते तुम्ही लिहिलं नाही. ते वजा जाऊन जे उरेल त्यात भांडीकुंडी बसवा. बसतात. बंद पडलेल्या हॉटेलांचं सामान जुन्या बाजारात अर्ध्या किमतीत मिळतं: शेगडी, तवे, स्टीलचं टेबल, फ्रीज. यंत्र तेवढं चालवून बघून घ्या. पाटी, रंग, दिवे यांवर आत्ता खर्च नको. कर्ज एक वर्षानंतर काढा, एका ठरावीक यंत्रासाठी, त्या यंत्राने रोज किती वाचणार ते लिहून. पगार आणि भाडं भागवायला काढलेलं कर्ज मी फेडलेलं आहे, त्याची चव अजून तोंडात आहे.

किराणा दुकानदाराची उधारीही कर्जच असते, फक्त त्याचं व्याज भावात लपलेलं असतं. उधारीवाल्याला तो तेलाचा डबा कधीच स्वस्त देत नाही. मुंबईत गिरणगावातल्या खानावळवाल्या बायका याच चक्रात अडकल्या होत्या. गिरणी कामगार पगार झाल्यावर पैसे देणार, तोवर वाण्याकडे आणि सावकाराकडे हात पसरायचा. प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं आणि त्या बायकांना बँकेचं कर्ज मिळवून दिलं ते या सावकारीतून सुटण्यासाठी. तुम्ही रोख घ्या, महिन्याचं एकदम घ्या, आणि दोन दुकानांत भाव विचारून घ्या.

आपण दिलेली उधारी त्याहून वाईट. २०१७ मध्ये एका कंपनीने माझ्याकडून रोज ७० डबे घ्यायला सुरुवात केली. मोठं नाव, चकचकीत ऑफिस, मी हुरळून गेले. महिन्याचं बिल पुढच्या महिन्यात देणार म्हणाले. पहिलं वेळेवर आलं, दुसरं उशिरा. तिसऱ्याच्या वेळी अकाउंट्सवाला सुट्टीवर, मग पीओ, म्हणजे खरेदीच्या ऑर्डरचा, नंबर चुकला, मग साहेब परदेशात. १ लाख ८६ हजार अडकले आणि मी डबे पाठवत राहिले, का तर थांबवले तर मागचेही बुडतील असं वाटायचं. पाच महिन्यांनी पैसे आले, तेही मी डबे बंद केल्यावर! तेव्हा माझ्याकडे सूक्ष्म उद्योगाची कुठली नोंदणी नव्हती, लेखी करार नव्हता, फक्त एक गोड फोन होता. २००६ च्या कायद्यानुसार नोंदणी असलेल्या सूक्ष्म-लघु उद्योगाचे पैसे करार असला तरी ४५ दिवसांच्या आत द्यावेच लागतात, करार नसेल तर १५ दिवसांत. २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून तर वेळेत न दिलेली रक्कम कंपनीला त्या वर्षी खर्च म्हणून आयकरात दाखवता येत नाही. त्यामुळे बिलावर उद्यम नंबर छापलात की अकाउंट्सवाल्याची सुट्टी लवकर संपते. तरीही माझा आताचा नियम सोपा आहे: पंधरा दिवसांचं आगाऊ, नाहीतर डबा नाही. तीन कंपन्यांनी नको म्हटलं, दोघांनी भरले.

गल्ल्याबद्दल एकच सांगते, पण ते पाळाच. धंद्याचं खातं वेगळं, क्यूआर कोड त्याच खात्याचा, आणि घरातलं दूधसुद्धा त्यातून आणायचं नाही. १ तारखेला बायकांबरोबर तुम्ही तुमचे १५ हजार घ्या, सासूबाईंना त्यांचे द्या, हातात द्या, खात्यावर नको. माझ्या आईने पहिला पगार देव्हाऱ्यात ठेवला आणि दुसऱ्या दिवसापासून सकाळी माझ्या आधी ओट्याशी उभी असायची.

फ्रँचायझीचं विचारलंत. पोळी-भाजीला लोक नाव बघून येत नाहीत, घराजवळ आहे म्हणून येतात. नावाची फी कशाला द्यायची?

तर ॲडव्हान्स थांबवा. मालकाला सांगा, पंधरा दिवसांत कळवते. गाळा गेला तर जाऊ दे, पिंपरी-चिंचवडमध्ये गाळ्यांचा दुष्काळ नाही. या सोमवारी साडेसहाला एक घडीची खुर्ची आणि वही घेऊन तिथे जाऊन बसा. येताना त्या चौकातल्या दहा पोळ्या आणा आणि काट्यावर ठेवा. सात ते आठमध्ये किती लोक थांबले आणि ती पोळी किती ग्रॅमची निघाली, हे दोन आकडे मला कळवा, मग ७ लावायचे की साडेसहा ते ठरवू.